डाऊन सिंड्रोम : दोष मातेचा नव्हे, पेशीविभाजनातील चुकीचा

नवजात बाळाची डोळ्यांची ठेवण, चपटा चेहरा आणि अंगाचा सैलपणा पाहून डॉक्टरांनी ‘डाऊन सिंड्रोम’ची शंका व्यक्त केली, की बहुतेक घरांत पहिला प्रश्न विचारला जातो तो कारणाचा. गरोदरपणात आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले होते का, तिला कशाची भीती बसली होती का, माहेरच्या घराण्यात असे कुणी आहे का, अशी चौकशी सुरू होते. या चौकशीचा रोख जवळजवळ नेहमीच मातेकडे असतो. पालघर आणि बोईसर या रेल्वेस्थानकांच्या मध्ये असलेल्या उमरोळीसारख्या गावात या प्रश्नांत आणखी एकाची भर पडू शकते. जवळच तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत असल्याने ‘त्याचा तर हा परिणाम नसेल?’ अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नांची उत्तरे वैद्यकशास्त्राने गेल्या सहा-सात दशकांत बऱ्याच अंशी दिलेली आहेत. मात्र ती उत्तरे कुटुंबापर्यंत पोहोचत नाहीत आणि दोष कुणाचा हे ठरविण्यात बाळाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे पहिले सहा महिने निघून जातात. म्हणूनच डाऊन सिंड्रोम म्हणजे नेमके काय, तो कशामुळे होतो आणि निदान झाल्यावर काय करावयास हवे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

सेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. ती जोडीजोडीने असून अशा २३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातेकडून आणि दुसरे पित्याकडून आलेले असते. गुणसूत्रांवर जनुके असतात आणि शरीर कसे घडावे, कसे चालावे याच्या सूचना या जनुकांत साठविलेल्या असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींत २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात. त्यामुळे एकूण संख्या ४७ होते. या स्थितीला वैद्यकीय परिभाषेत ‘ट्रायसोमी २१’ असे म्हणतात.

या जादा गुणसूत्रावरील जनुके सदोष असतातच असे नाही. अडचण त्यांच्या प्रमाणाची असते. दोन प्रतींऐवजी तीन प्रती असल्याने त्या जनुकांकडून तयार होणारी प्रथिने साधारणपणे दीडपट होतात आणि गर्भावस्थेतील मेंदू, हृदय, आतडी, स्नायू यांच्या घडणीचा तोल बिघडतो. २१ वे गुणसूत्र हे लिंगगुणसूत्रे वगळता मानवी गुणसूत्रांपैकी सर्वांत लहान आहे. आकाराने ते २२ व्या गुणसूत्रापेक्षाही लहान असल्याचे नंतर लक्षात आले. परंतु तोवर क्रमांक रूढ झालेला असल्याने तो बदलण्यात आला नाही. जर्मन आणि जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने या गुणसूत्राचा संपूर्ण आराखडा २००० साली प्रसिद्ध झाला. त्यावर तुलनेने थोडी जनुके असल्यामुळेच त्याची जादा प्रत घेऊन जन्मलेली मुले जगू शकतात. अन्य बहुतेक गुणसूत्रांची जादा प्रत असलेला गर्भ टिकत नाही आणि सुरुवातीच्या आठवड्यांतच गर्भपात होतो.

चूक कोठे होते?

बीजांड आणि शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी, म्हणजे २३ व्हावी लागते. यासाठी पेशीचे एक विशेष विभाजन होते. त्यात प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांपासून अलग होऊन दोन वेगळ्या पेशींत जातात. कधी कधी २१ व्या जोडीतील गुणसूत्रे अलग होत नाहीत आणि दोन्ही एकाच पेशीत जातात. अशा बीजांडाचे सामान्य शुक्राणूशी मीलन झाले, की होणाऱ्या गर्भात २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती येतात. हे सारे गर्भधारणेपूर्वी किंवा गर्भधारणेच्या क्षणीच निश्चित झालेले असते. त्यामुळे त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मातेने काय खाल्ले, ग्रहणात विळी हातात धरली की नाही, ती घसरून पडली का, तिला दुःख झाले का, यांपैकी कशाचाही त्या जादा गुणसूत्राशी संबंध असू शकत नाही.

ही चूक ९० टक्क्यांहून अधिक वेळा बीजांड तयार होताना घडते. यामागे स्त्रीशरीराची एक नैसर्गिक रचना आहे. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू सतत नव्याने तयार होत असतात. स्त्रीच्या बीजांडांचे विभाजन मात्र ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. ते पुढे सरकते ते वयात आल्यानंतर, त्या त्या महिन्यात बीजांड परिपक्व होताना. म्हणजे चाळिसाव्या वर्षी परिपक्व होणारे बीजांड चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच अवस्थेत थांबलेले असते. या काळात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिने क्षीण होतात आणि विभाजनात चूक होण्याची शक्यता वाढते. मातेचे वय आणि डाऊन सिंड्रोम यांचा हा संबंध ब्रिटिश संशोधक लायोनेल पेनरोज यांनी १९३३ मध्येच आकडेवारीने दाखवून दिला होता.

मातेचे वय २० ते २५ च्या दरम्यान असल्यास ही शक्यता सुमारे १२०० ते १५०० जन्मांमागे एक असते. तिशीत ती साधारण ९०० मागे एक, ३५ व्या वर्षी सुमारे ३५० मागे एक, ४० व्या वर्षी सुमारे १०० मागे एक आणि ४५ व्या वर्षी सुमारे ३० मागे एक होते. मात्र यावरून ‘हा आजार वयस्क मातांच्या मुलांनाच होतो’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे बहुतांश बाळंतपणे पस्तिशीच्या आत होतात. त्यामुळे प्रत्येक तरुण मातेचा धोका कमी असूनही डाऊन सिंड्रोम असलेली बहुसंख्य मुले तरुण मातांच्याच पोटी जन्माला येतात. मुंबई, दिल्ली आणि बडोदा येथील नव्वद हजारांहून अधिक नवजात बालकांच्या पाहणीत सुमारे ११५० बाळांमागे एकाला डाऊन सिंड्रोम आढळला होता. जात, धर्म, आर्थिक स्तर किंवा आहार यांचा यात भेद नाही.

तीन प्रकार आणि पुढील गर्भधारणा

डाऊन सिंड्रोमचे तीन प्रकार आहेत. सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये वर सांगितल्याप्रमाणे २१ वे गुणसूत्र सुट्या स्वरूपात जादा असते. हा प्रकार सहसा आनुवंशिक नसतो. आई-वडिलांची गुणसूत्रे सामान्य असतात आणि पुढच्या वेळी असेच बाळ होण्याची शक्यता साधारण एक टक्का धरली जाते. मातेचे वय अधिक असल्यास ती वयानुसार मोजावी लागते.

तीन ते चार टक्के मुलांमध्ये २१ व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुधा १४ व्या, चिकटलेला असतो. यास स्थानांतरण म्हणतात. यांपैकी काही मुलांच्या आईत किंवा वडिलांत अशी जोडलेली गुणसूत्रे आधीपासूनच असतात. त्यांच्या शरीरातील जनुकांचे एकूण प्रमाण योग्य असल्याने त्यांना स्वतःला कोणताही त्रास नसतो आणि चाचणी केल्याशिवाय हे कळतही नाही. वाहक आई असल्यास पुढील बाळाला डाऊन सिंड्रोम होण्याची शक्यता १० ते १५ टक्के असते, तर वाहक वडील असल्यास ती याहून बरीच कमी असते. २१ वे गुणसूत्र दुसऱ्या २१ व्यालाच जोडलेले असल्यास मात्र अशा पालकाच्या प्रत्येक जिवंत जन्मणाऱ्या अपत्याला डाऊन सिंड्रोम असतो. या प्रकाराचा मातेच्या वयाशी संबंध नाही. घराण्यात वारंवार गर्भपात झाले असतील किंवा एकाहून अधिक अशी मुले असतील, तर या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

उरलेल्या एक ते दोन टक्के मुलांमध्ये काही पेशींत ४६ आणि काही पेशींत ४७ गुणसूत्रे असतात. यास ‘मोझॅइक’ प्रकार म्हणतात. यातील काही मुलांत लक्षणे सौम्य असतात.

हे तीन प्रकार बाळाच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. त्यासाठी बाळाच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी, म्हणजेच ‘कॅरिओटाइप’ करावी लागते. ‘चेहऱ्यावरून दिसतेच आहे, मग चाचणी कशाला’ असे म्हणून ती टाळली जाण्याची शक्यता असते. परंतु पुढील अपत्याचा विचार करणाऱ्या जोडप्याला, तसेच त्यांच्या भावंडांना योग्य सल्ला देण्यासाठी या चाचणीला पर्याय नाही. बाळात स्थानांतरण आढळल्यास आई आणि वडील या दोघांचीही तपासणी करणे आवश्यक असते.

किरणोत्साराची शंका

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून वीजनिर्मिती करू लागल्या. अशा प्रकल्पाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या मनात किरणोत्साराविषयी शंका असणे गैर नाही आणि या विषयावर जगभर अभ्यासही झालेले आहेत. हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबाँबच्या स्फोटांतून वाचलेल्यांच्या अपत्यांची अनेक दशके पाहणी करण्यात आली. त्यांच्यात डाऊन सिंड्रोमचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही.

भारतातील उदाहरण केरळचे आहे. कोल्लमजवळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम असल्याने तेथील नैसर्गिक किरणोत्सार इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी अधिक आहे. तेथे डाऊन सिंड्रोमचे प्रमाण अधिक असल्याचा निष्कर्ष १९७६ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला आणि त्यावर मोठी चर्चा झाली. मात्र त्या पाहणीतील बालकांची संख्या थोडी होती. पुढे १९९५ पासून त्याच भागातील रुग्णालयांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची नोंद घेण्यात आली, तेव्हा किरणोत्साराचे प्रमाण आणि जन्मजात दोष यांच्यात संबंध दिसून आला नाही. हा नंतरचा अभ्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेचा आहे, हेही वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजवरच्या माहितीनुसार मातेचे वय हा डाऊन सिंड्रोमचा एकमेव सुस्पष्ट सिद्ध झालेला मोठा धोकाघटक आहे. हवा आणि पाण्याच्या प्रदूषणाचे इतर दुष्परिणाम हा गंभीर आणि स्वतंत्र विषय आहे. परंतु एखाद्या बाळाच्या जादा गुणसूत्राचे खापर त्यावर फोडण्यास आधार मिळत नाही.

ओळख कशी पटते?

स्नायूंचा सैलपणा हे नवजात बाळातील सर्वांत सहज जाणवणारे लक्षण आहे. बाळ उचलले असता हातातून निसटल्यासारखे वाटते आणि त्याला अंगावर दूध ओढणे जड जाते. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर चढलेले, नाकाचा पूल बसका, कान लहान, जीभ थोडी बाहेर, मान आखूड, पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत अधिक अंतर आणि काही बाळांच्या तळहातावर एकच आडवी रेषा, अशीही लक्षणे असतात. यांपैकी एखादे लक्षण पूर्णतः निरोगी बाळातही असू शकते. तळहातावरील एक रेषा पाहून घरच्या घरी निदान करणे म्हणूनच योग्य नाही.

ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये या लक्षणसमूहाचे पहिले सविस्तर वर्णन केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांनी त्याला मंगोल वंशाचे नाव जोडले आणि ते शंभर वर्षे चिकटून राहिले. १९५९ मध्ये फ्रान्समधील जेरोम लेजन, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पाँ यांच्या संशोधनातून जादा गुणसूत्राचे कारण पुढे आले. मग वंशाशी जोडलेल्या नावाला अर्थच उरला नाही. मंगोलियाच्या आक्षेपानंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ मध्ये ते नाव सोडून दिले. जुन्या पुस्तकांतून आणि बोलण्यातून आजही कानावर पडणारा ‘मंगोल मूल’ हा शब्द त्यामुळे चुकीचा आणि अवमानकारक मानला जातो.

पहिले सहा महिने निर्णायक

जादा गुणसूत्र काढून टाकण्याचा कोणताही उपचार नाही. तशी हमी देणारी औषधे, काढे किंवा महागड्या ‘पेशी उपचारां’च्या जाहिराती यांपासून पालकांनी सावध राहावयास हवे. मात्र डाऊन सिंड्रोमसोबत येणाऱ्या बहुतेक आजारांवर प्रभावी उपचार आहेत आणि त्यांपैकी काहींना मुदत असते.

यात हृदयविकार प्रथम येतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या ४० ते ५० टक्के बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हृदयाच्या कप्प्यांमधील पडदा मध्यभागी अपुरा राहण्याचा दोष या मुलांत विशेष आढळतो. अशा बाळाला सुरुवातीला धाप लागत नाही, ओठ निळे पडत नाहीत आणि स्टेथोस्कोपमधून वेगळा आवाज येतोच असेही नाही. दरम्यान फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवरील दाब वाढत जातो आणि काही काळाने तेथे कायमची हानी होते. त्यानंतर शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही. म्हणूनच या मोठ्या दोषाची शस्त्रक्रिया साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास केली जाते. डाऊन सिंड्रोमची शंका आलेल्या प्रत्येक बाळाची, ते कितीही सुदृढ दिसत असले तरी, पहिल्या महिन्यातच ‘इकोकार्डिओग्राफी’ होणे आवश्यक आहे.

थायरॉइडची कमतरता या मुलांत नेहमीपेक्षा बरीच अधिक आढळते. ती वेळीच न ओळखल्यास मेंदूच्या वाढीवर आणखी परिणाम होतो. ओळखल्यास स्वस्त आणि रोजच्या गोळीने ती आटोक्यात राहते. त्यासाठी जन्मतः, सहाव्या महिन्यात, पहिल्या वर्षी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी सुचविली जाते. कानात पाणी साठून ऐकू कमी येणे, मोतीबिंदू आणि तिरळेपणा यांसारखे डोळ्यांचे दोष, बद्धकोष्ठता, झोपेत श्वास अडखळणे आणि क्वचित रक्ताचा कर्करोग हेही संभवते. जन्मल्याबरोबर बाळाला हिरवट उलट्या होऊ लागल्यास आतड्यातील अडथळ्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. मानेचे मणके काही मुलांत सैल असल्याने कोलांटउड्यांसारखे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू देऊ नयेत आणि भूल देण्यापूर्वी डॉक्टरांना याची कल्पना द्यावी.

या मुलांची बौद्धिक अक्षमता बहुधा सौम्य ते मध्यम असते. बसणे, चालणे, बोलणे उशिरा येते, परंतु येते. चालणे सरासरी दुसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. बोलण्यापेक्षा त्यांचे आकलन पुढे असते, त्यामुळे ‘त्याला काही कळत नाही’ हा समज चुकीचा ठरतो. पहिल्या काही आठवड्यांतच फिजिओथेरपी आणि नंतर वाचा-उपचार सुरू केल्यास त्याचा लाभ दिसून येतो.

योजनेचा प्रारंभ पालघरमध्येच

बालकांच्या तपासणीची केंद्र सरकारची ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ही योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच देशभरासाठी सुरू करण्यात आली. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील ज्या ३० आरोग्यस्थितींचा शोध घेण्याचे या योजनेत ठरले, त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. जन्मजात हृदयविकार आणि जन्मजात बहिरेपणा हेही त्याच यादीत आहेत.

योजनेनुसार प्रसूतीच्या ठिकाणी नवजात बाळाची तपासणी होते आणि घरी आलेल्या बाळाला पहिल्या सहा आठवड्यांत आशा कार्यकर्ती भेट देते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत वर्षातून एकदा फिरते आरोग्य पथक तपासणी करते. शंका आढळल्यास मुलाला जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवून पुढील उपचार मोफत मिळवून देण्याची तरतूद आहे. उमरोळीसारख्या गावातील कुटुंबाला याचा लाभ घ्यावयाचा असेल, तर आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे ‘या कार्यक्रमांतर्गत बाळाचा संदर्भ द्या’ अशी स्पष्ट मागणी करता येते. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेली सर्व कागदपत्रे त्यासाठी जपून ठेवावीत.

गरोदरपणातील चाचण्या

गर्भावस्थेच्या ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील जाडी मोजणे आणि मातेची रक्तचाचणी यांवरून धोक्याचा अंदाज बांधला जातो. अहवालात ‘२०० मागे एक’ असे लिहून आले, तर त्याचा अर्थ अशा २०० गर्भांपैकी १९९ गर्भांत डाऊन सिंड्रोम नसतो, असा आहे. मातेच्या रक्तात आढळणाऱ्या गर्भाच्या डीएनएची नवी चाचणी याहून पुष्कळ अचूक असली, तरी तीही चाळणी चाचणीच आहे. निश्चित निदान वारेच्या पेशी किंवा गर्भजल यांच्या गुणसूत्र तपासणीनेच होते आणि त्यात गर्भपाताचा अल्प धोका असतो.

गर्भलिंग निदानास कायद्याने बंदी असल्यामुळे या चाचण्याही बेकायदा असल्याचा गैरसमज होऊ शकतो. १९९४ च्या प्रसवपूर्व निदान तंत्र कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रात गुणसूत्रदोषांसाठी तपासणी करता येते. गर्भाचे लिंग सांगणे किंवा विचारणे हा मात्र गुन्हा आहे. चाचणी करावी की नाही आणि अहवालानंतर काय करावे, हा निर्णय पूर्ण माहिती मिळाल्यावर त्या स्त्रीने घ्यावयाचा असतो. चाचणीपूर्वी जनुकीय समुपदेशन का हवे, याचे उत्तर यातच आहे.

पुढचे आयुष्य

१९२९ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अवघे नऊ वर्षे मानले जात असे. प्रतिजैविके आणि हृदय शस्त्रक्रिया यांमुळे प्रगत देशांत ते आज साठीच्या घरात गेले आहे. वाढत्या आयुष्याबरोबर अल्झायमरचा प्रश्न पुढे आला आहे. त्या आजाराशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असल्याने या व्यक्तींना तो लवकर गाठतो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार लक्षणीय अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढल्यास अन्य सवलतींसह राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. अठरा वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची सोयही याच न्यासामार्फत आहे. पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने २०१४ मधील ‘यलो’ या मराठी चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली, तेव्हा डाऊन सिंड्रोम असलेली तरुणी काय करू शकते, हे महाराष्ट्राने पडद्यावर पाहिले. प्रत्येक मूल पोहण्यात पदके मिळवील असे नाही. परंतु स्वतःचे जेवण, कपडे, प्रवास आणि एखादे काम सांभाळणारे प्रौढ म्हणून बरीच मुले घडू शकतात.

दरवर्षी २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून वर्षातील तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघानेही या दिवसाला मान्यता दिली आहे. या दिवसाची वाट न पाहता कुटुंबाने करावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत : पहिल्या महिन्यात हृदयाची तपासणी, थायरॉइड, कान आणि डोळे यांची वेळापत्रकानुसार तपासणी, एकदा गुणसूत्र चाचणी, आणि बाळंतिणीला कारण विचारणाऱ्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांनी द्यावयाचे एकच उत्तर, की हे तिच्या हातात नव्हते.